परसातील गांधीलमाश्यांचे पोळे : जाळावे की राहू द्यावे?

भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास कोकणातील व घाटाखालील गावांतून एक ठरावीक विचारणा कृषी खात्याच्या माणसांकडे येत असते. परसातील आंब्यावर किंवा फणसावर गांधीलमाश्यांचे भले मोठे पोळे दिसून आले आहे, त्यावर कोणते औषध मारावे? विचारणारा बहुधा घाईत असतो. घरातील बायकामुले धास्तावलेली असतात आणि शेजारी रॉकेल घेऊन तयारच असतो. अशा वेळी ग्रामपातळीवर काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यालाही एखाद्या औषधाचे नाव सांगून मोकळे होण्याचा मोह पडतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा मोह आवरणे हेच या बाबतीतील पहिले कर्तव्य होय. पोळे कशाने मारावे, हा प्रश्न पुढचा आहे. ते नेमके कोठे आहे, त्याखालून कोण ये-जा करते आणि त्याचे किती दिवस उरले आहेत, हे प्रश्न आधीचे आहेत. त्यांची उत्तरे मिळाल्यावर पुष्कळदा औषधाची गरजच उरत नाही.

प्रथम जे दिसले ते गांधीलमाश्यांचेच पोळे आहे काय, याची खातरी करून घ्यावी. आपल्याकडे डंख मारणाऱ्या सर्व माश्यांच्या वसतीला सरसकट 'मोहोळ' म्हणण्याची रीत असल्याने बराच घोटाळा होतो. उंच फांदीखाली, कड्याला किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच मोठी उघडी फणी लोंबत असेल आणि तिच्यावर माश्यांचा जिवंत पडदा हेलकावे खात असेल, तर ते आग्या मोहोळ होय. गडकिल्ल्यांवर लोकांना पळता भुई थोडी करणाऱ्या माश्या बहुधा याच असतात. छपराच्या वाशाला बारीक देठाने टांगलेली, उलट्या छत्रीसारखी, तळहाताएवढी उघडी चकती दिसली, तर ते लहान कागदी माश्यांचे घर समजावे. भिंतीच्या कोपऱ्यात मातीचे कोनाडे करणारी कुंभारीण तर जवळजवळ निरुपद्रवी आहे. गांधीलमाशीचे पोळे या सर्वांहून वेगळे असते. झाडावरील पोळे घागरीच्या किंवा भोपळ्याच्या आकाराचे असून त्याला राखी-तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचे, कागदासारखे कवच असते. माश्यांना ये-जा करण्यास एकच लहान दार असते व आतील फण्या बाहेरून दिसत नाहीत. या पोळ्यात मेणही नसते आणि मधही नसतो. माशी वाळक्या लाकडाचा, कुंपणाच्या खांबाचा वा जुन्या फळीचा भुसा दातांनी खरवडते, लाळेत मळते आणि त्याचा पातळ थर एकावर एक चढवीत जाते. कुंपणाच्या जुन्या खांबांवर उभ्या फिकट रेघा उमटलेल्या कित्येकांनी पाहिल्या असतील. त्या या कारखान्याच्या कच्च्या मालाच्या खाणाखुणा असतात.

आपल्याकडे आढळणाऱ्या जातींपैकी व्हेस्पा ॲफिनिस ही झाडाझुडपांवर व वळचणीखाली पोळे बांधते. तिच्या पोटाच्या पुढच्या भागावर रुंद पिवळा पट्टा व मागे काळा रंग असतो. व्हेस्पा ट्रॉपिका ही काळी, पोटावर एकच नारिंगी-पिवळा पट्टा असलेली माशी पुष्कळदा जमिनीतील बिळात, वारुळाच्या पोकळीत किंवा झाडाच्या ढोलीत राहते. कोरड्या मुलुखातील तांबूस रंगाची व्हेस्पा ओरिएंटॅलिस ही भिंतीच्या फटी व जमिनीखालील पोकळ्या पसंत करते. गुऱ्हाळावर व रसवंतीवर घोटाळणारी माशी ती हीच. जातींची नावे पाठ करण्याची आवश्यकता नाही. तथापि झाडावरचे पोळे आणि जमिनीतले पोळे या दोहोंचा धोका वेगवेगळ्या माणसांना पोहोचतो, एवढे मात्र ध्यानात असावे. त्याचा विचार पुढे केला आहे.

आता या पोळ्याचे आयुष्य पाहू, कारण आपल्या निर्णयाची गुरुकिल्ली तेथेच आहे. साधारणतः उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा पावसाच्या तोंडावर एकटी राणीमाशी पोळ्याचा आरंभ करते. त्या वेळी ते लिंबाएवढे किंवा फार तर पेरूएवढे असते. पहिली अंडी तीच घालते, अळ्यांना तीच भरविते आणि भुसाही तीच आणते. पहिल्या कामकरी माश्या बाहेर पडल्या, की राणी केवळ अंडी घालण्यापुरती उरते व पोळे झपाट्याने वाढू लागते. पावसाळा सरतेवेळी ते सर्वांत मोठे, माश्यांनी गजबजलेले आणि सर्वांत चिडखोर असते. आपल्या नजरेसही ते नेमके त्याच वेळी पडते, कारण पाने विरळ होऊ लागतात आणि माश्यांची वर्दळ वाढलेली असते. यानंतर नर व नव्या राण्या बाहेर पडतात, जुनी राणी मरते, कामकरी माश्या हळूहळू संपतात आणि थंडीच्या दिवसांत बहुतेक पोळी ओस पडतात. त्या जुन्या पोळ्यात पुढल्या वर्षी पुन्हा वस्ती होत नाही. म्हणजे आश्विनात ज्या पोळ्यावर आपण जिवावर उदार होऊन तुटून पडतो, ते बहुतेक वेळा पौष-माघापर्यंत आपणहून रिकामे होणार असते. दोन-तीन महिने फांदीपासून दूर राहता आले, तर काहीही न करता काम भागते.

हे सांगितले, की एक आक्षेप हमखास येतो : शत्रूला पोसावे कशाला? गांधीलमाशी सर्वस्वी शत्रू नाही. प्रौढ माशी स्वतः फुलांतील व पिकल्या फळांतील गोड रसावर, ताडीमाडीवर जगते. पण तिच्या अळ्यांना मांस लागते. त्यासाठी ती सुरवंट, नाकतोडे, माश्या व इतर कीटक पकडून त्यांचा लगदा करून नेते. परसातील भाजीच्या वाफ्यावर ती पानापानांवरून फिरताना दिसते, ती याच शोधात. याउलट तिला शेतकऱ्याचा मित्र म्हणून गौरविणाऱ्यांशीही मी सहमत नाही. पिकलेल्या फळांना ती भोके पाडते, दुसऱ्या उपयुक्त कागदी माश्यांची घरे लुटते आणि मधपाळाचे तर ती थेट नुकसान करते. तिच्या नफ्यातोट्याचा हिशेब गावागावाला वेगळा निघेल. म्हणून पोळे ठेवावे की काढावे, हे तिच्या गुणदोषांवर न ठरविता जागेवर ठरवावे, असे माझे म्हणणे आहे.

जागेचा विचार असा करावा. पोळे उंच आहे, त्याखालून नित्याची वाट जात नाही, जवळ विहीर, न्हाणीघर, गोठा, अंगणवाडी वा शाळा नाही, आणि त्या झाडावर माघापर्यंत कोणालाही चढावे लागणार नाही, तर ते राहू द्यावे. त्या झाडाभोवती वीस-पंचवीस हातांवर दोरी किंवा काटेरी फांद्या लावून वाट वळवावी, तेथे गुरे बांधू नयेत, मुलांना दगड मारू देऊ नयेत. लाकूड तोडणे, झाड हलविणे, यंत्राचा धडधडाट करणे या गोष्टी तेवढे दिवस दूर ठेवाव्यात, कारण पोळे हादरले की माश्या उठतात. परंतु पोळे हाताच्या उंचीवर असेल, वहिवाटीच्या वाटेवर असेल, किंवा पूर्वी एका दंशानेही ज्याला दवाखान्यात न्यावे लागले असा कोणी त्या घरात असेल, तर वाट पाहू नये. ते काढलेच पाहिजे. मात्र ते कोणी व कसे काढावे, हा प्रश्न राहतोच आणि गावोगाव चूक होते ती येथेच.

सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे आग. लांब काठीला बोळा बांधावयाचा, रॉकेलात भिजवावयाचा आणि पोळ्याला लावावयाचा, किंवा सुक्या झावळांची चूड पेटवून वर धरावयाची. पोळे कागदाचे असल्याने ते भडकन पेटते, म्हणून पाहणाऱ्यास हा उपाय फार नामी वाटतो. पण बाहेर असलेल्या आणि ज्वाळेतून निसटलेल्या माश्या मरत नाहीत, त्या खवळतात. चिरडलेल्या वा जखमी माशीच्या विषातून असा एक वास सुटतो, की त्याच्या इशाऱ्यावर बाकीच्या माश्या त्याच जागी धावून येतात. अंधारात त्या उजेडाकडे झेपावतात, म्हणजे नेमक्या चूड धरणाऱ्याच्या तोंडाकडे. मधमाशीच्या डंखाला आकडे असल्याने तो आपल्या कातडीत अडकतो आणि ती माशी एकदाच डंख मारून मरते. गांधीलमाशीचा डंख अडकत नाही, म्हणून एकच माशी पुन्हा पुन्हा डसू शकते. हा फरक ज्याला ठाऊक नाही, तो मधमाश्यांच्या अनुभवावर विसंबून फसतो. शिवाय पेटलेले पोळे खाली कोठे पडेल याचा नेम नसतो. परसात पेंढ्याची उडवी असते, गोठ्याचे छप्पर असते. कोकणातील एका वाडीत मी पाहिले ते असे, की पोळे गेले आणि त्याबरोबर वर्षाचा पेंढाही गेला. माश्या मात्र दुसऱ्या दिवशी त्याच फांदीवर पुन्हा घोंघावत होत्या, कारण दिवसा बाहेर गेलेल्या आणि रात्री पांगलेल्या माश्या जागेवर परत आल्या होत्या.

मोहोळ झाडणारे अनुभवी लोक गावात असतात व मालक त्यांना बोलावतो. त्यांच्या कौशल्याविषयी मला आदर आहे, परंतु येथे त्यांचे मुख्य हत्यार बोथट ठरते. धूर लागला की मधमाश्या मधाने पोट भरून घेण्यास धावतात आणि जड व संथ होतात. धुरामुळे त्यांच्या धोक्याच्या वासाचाही संदेश पुसट होतो. गांधीलमाश्यांजवळ भरून घ्यावयास मधच नाही. म्हणून धुराने त्या शांत होतीलच, असा भरवसा धरता येत नाही.

दुसरा उपाय म्हणजे पिकासाठी आणलेले व पंपात उरलेले कीटकनाशक. याविषयी मी अधिक कठोरपणे बोलू इच्छितो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली विकल्या जाणाऱ्या औषधाच्या वेष्टनावर ते कोणत्या पिकावर व कोणत्या किडीसाठी वापरावे, हे छापलेले असते. घराच्या अंगणात, विहिरीजवळ, गोठ्याशेजारी वापरण्यासाठी ते नसते. त्यातही पोळे डोक्याच्या वर असते, म्हणजे मारलेला फवारा मारणाऱ्याच्याच अंगावर उतरतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले. त्या वर्षी डोक्याएवढ्या वाढलेल्या पिकात फवारा तोंडावर व अंगावर येणे, हे त्याचे एक कारण सांगितले गेले होते. ज्या कार्यकर्त्याने त्या बातम्या वाचल्या आहेत, त्याने डोक्यावरील पोळ्यासाठी शेतीच्या औषधाचे नाव तोंडातून काढू नये.

मग काढणाराने काय करावे? हे काम परवानाधारक कीटक-नियंत्रण करणाऱ्याचे किंवा संरक्षक पोशाख असलेल्या शिकलेल्या माणसाचे आहे. जवळच्या नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्राकडे विचारणा करावी. तेथून माणूस आला नाही, तरी असा माणूस कोठे मिळेल हे बहुधा कळते. तो अंधार पडल्यावर, सर्व माश्या आत आल्यावर काम करतो. तांबडा प्रकाश या माश्यांना फारसा दिसत नाही, म्हणून विजेरीवर तांबडा कागद लावतो. घरगुती वापरासाठी नोंदविलेले औषध दारातून आत सोडतो आणि लागलीच दूर होतो. दुसऱ्या दिवशी दुरून पाहून, हालचाल थांबल्याची खातरी झाल्यावर तो पोळे उतरवितो व पुरून टाकतो. साध्या सदऱ्यातून डंख आरपार जातो आणि गडद रंगाकडे या माश्या अधिक चवताळून येतात. म्हणून काळी घोंगडी अंगावर घेऊन शिडीवर चढणे हे धाडस नसून अज्ञान आहे. शिडीचा तर विचारच करू नये. दंशाने जे नुकसान होत नाही, ते पंधरा फुटांवरून पडल्याने होते.

येथे मला ज्या गोष्टीची विशेष खंत वाटते ती सांगतो. पोळ्याची माहिती मालकाला असते, पण डंख बहुधा दुसऱ्यालाच बसतात. माडावर चढणारा पाडेली चाळीस फुटांवर असताना माश्या उठल्या, तर त्याला पळता येत नाही. त्याने हात सोडला तर मरण, न सोडला तर दंश. आंबा-काजूच्या बागेत पावसाळ्यानंतर यंत्राने गवत कापणारा मजूर जमिनीतील पोळ्यावर यंत्र घालतो. त्या धडधडाटात माश्यांचा आवाज त्याला ऐकू येत नाही आणि यंत्र पट्ट्याने खांद्याला बांधलेले असल्याने ते टाकून पळण्यास वेळ लागतो. हे लोक रोजावर आलेले असतात. गेल्या आठवड्यात त्या बांधावर माश्या घोंघावत होत्या, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मजुरास कामावर लावण्यापूर्वी बागेतून सावकाश एक फेरी मारणे, माश्या एकाच बिळातून ये-जा करीत आहेत काय हे पाहणे, आणि आढळल्यास तेथे लाल चिंधी बांधलेली काठी दुरून रोवणे, एवढे तरी मालकाकडून व्हावयास हवे. मजुरीचा दर ठरविताना जेवढी घासाघीस होते, तिच्या दहाव्या हिश्शाएवढाही वेळ याला लागत नाही.

माश्या उठल्याच तर उभे राहून हातवारे करू नयेत. डोके व तोंड कपड्याने झाकून सरळ धावत सुटावे व घरात, गाडीत किंवा दाट झुडपापलीकडे जावे. विहिरीत उडी मारण्याची जुनी समजूत आहे, ती प्राणघातक आहे. दंश झालेली जागा साबणाने धुवावी, तिच्यावर गार पाण्याची पट्टी ठेवावी आणि बोटातील अंगठी सूज येण्यापूर्वी काढावी. लोखंड घासणे, चुना लावणे यांनी फारसे बिघडत नसेल, पण त्यात वेळ जातो आणि येथे वेळच महत्त्वाचा असतो. अंगभर गांधी उठणे, ओठ, जीभ वा चेहरा सुजणे, श्वास लागणे, घशात घरघर, चक्कर, उलटी यांपैकी काहीही दिसले तर एका दंशानंतरही माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. त्यावर मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला इलाज असून तो दवाखान्यातच मिळतो. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, अगर मिळेल त्या वाहनाने निघावे. ज्याला एकाच वेळी अनेक दंश झाले आहेत, त्याला त्या घटकेला बरे वाटत असले तरी डॉक्टरांना दाखवावेच. विषाचा परिणाम मूत्रपिंडांवर एक-दोन दिवसांनीही दिसू शकतो. लघवी कमी होणे किंवा तिचा रंग चहासारखा गडद होणे ही त्याची खूण होय. आपल्या लोकांत 'माशीच चावली आहे' म्हणून हे अंगावर काढण्याची सवय आहे.

हे सर्व पोळे मोठे झाल्यानंतरचे झाले. खरे काम त्यापूर्वीचे आहे. लिंबाएवढ्या पोळ्यात केवळ एक राणी असते. ती बाहेर गेलेली पाहून लांब काठीने ते पोळे पाडले, तर आश्विनातील सारे संकट टळते. तिने पुन्हा आरंभ केलाच तर तो बहुधा लगेच ध्यानात येतो, कारण आपली नजर तेथे असते. माझी सूचना अशी की, १ मे च्या ग्रामसभेत या विषयावर पाच मिनिटे बोलावे. घरांच्या वळचणी, शाळेचे छप्पर, पाणवठ्याजवळची झाडे पावसापूर्वी एकदा व ज्येष्ठ-आषाढात पुन्हा एकदा पाहावीत, असे ठरवावे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आढळलेल्या पोळ्यांच्या जागा सांगून त्यांची यादी फळ्यावर लावावी, म्हणजे पाडेल्यास, गवत कापणाऱ्यास व गुराख्यास ती कळेल. वाटेवरचे पोळे काढण्यास माणूस आणावा लागला, तर तो खर्च एकट्या घरमालकावर न टाकता ग्रामपंचायतीने सोसावा. सार्वजनिक वाटेवरील धोक्याला खासगी बाब मानल्यामुळेच तर रॉकेलचा बोळा पुढे येतो. यासाठी स्वतंत्र योजना वा मोठा निधी लागतो, असे मला वाटत नाही.

मधपाळांसाठी दोन शब्द वेगळे लिहितो, कारण महाबळेश्वर परिसरात व सह्याद्रीच्या इतर भागांत सातेरी मधमाश्या पाळणारे पुष्कळ आहेत. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे तर २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. गांधीलमाशी पेटीच्या दाराशी टपून येणारी-जाणारी मधमाशी उचलते. म्हणून पेट्यांजवळचे पोळे उंचावर असले तरी माझ्या मते ते काढण्याच्या यादीत घालावे. सातेरी माशी मात्र अगदी असहाय नाही. कित्येक माश्या मिळून गांधीलमाशीला घेरतात, तिच्याभोवती गच्च गोळा करतात आणि अंग थरथरवून आतील उष्णता इतकी वाढवितात, की गांधीलमाशी मरते व मधमाश्या वाचतात. जपानमध्ये मासातो ओनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील सातेरीच्या बहिणीचा हा युद्धप्रकार १९९५ साली सविस्तर प्रसिद्ध केला. गोळ्यातील तापमान सुमारे ४७ अंश सेल्सिअसपर्यंत चढते, असे त्यात आढळले. इटालियन मधमाशीला ही विद्या तितकीशी अवगत नाही. अशा पेट्यांचे दार सुमारे साडेपाच मिलिमीटर उंचीच्या फटीएवढे अरुंद करावे. त्यातून मधमाशी जाते, गांधीलमाशी अडते. पेट्या कमकुवत ठेवू नयेत आणि पेट्यांशेजारी पिकलेली वा सडकी फळे पडू देऊ नयेत.

ज्यांनी पोळे राहू दिले, त्यांनी थंडीत त्यावर नजर ठेवावी. भर दुपारी दुरून पाहावे; सलग पंधरा दिवस दारातून एकही माशी ये-जा करताना दिसली नाही, तर ते ओस पडले असे समजण्यास हरकत नाही. मग फांदीसकट ते उतरवून गावच्या शाळेत न्यावे. सुरीने कवच उभे चिरले, की एकाखाली एक टांगलेल्या आडव्या फण्या, त्यांना जोडणारे खांब आणि खाली तोंड असलेली षट्कोनी घरे मुलांना स्पष्ट दिसतात.